लाकूड पास, पुस्तिका नापास: प्राथमिक शाळांसाठीचा स्थानिक बनावटीचा 'केटीके' संच

तीन लाकडी दांड्या, फोमच्या बारा वड्या, एक उडीची पट्टी, दोन पाट, एक पुस्तिका आणि नोंदीचे कोरे तक्ते. दक्षिण कोकणातल्या एका सुतारशाळेत बनणारा हा संच पहिली ते पाचवीच्या मुलांचा कारक समन्वय मोजण्यासाठी विकला जातो. कारक समन्वय म्हणजे हात, पाय आणि तोल यांचा एकमेकांशी बसलेला मेळ. मूळ चाचणीचं जर्मन नाव उच्चारताना जीभ वळत नाही, म्हणून जगभर ती 'केटीके' या आद्याक्षरांनी चालते. सुतारशाळेच्या पावतीवर 'तोल-उडी संच' असं लिहून येतं, आणि खरं तर तेच नाव बरं आहे.

थोडक्यात मत असं: लाकूडकाम चांगलं, पण दोन जागी दुरुस्ती हवी. फोम बदलावा. पुस्तिका वापरू नये. आता सविस्तर.

चाचणी किफार्ड आणि शिलिंग या दोघांनी तयार केली आणि 1974 मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाली. मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या हालचालींतला दोष नेमका पकडणं हा मूळ हेतू होता. पुढे ती सरसकट सगळ्याच मुलांसाठी वापरली जाऊ लागली. वय 5 पूर्ण ते 14 वर्षं 11 महिने. प्रकार चार: दांडीवरून उलटं चालणं, एका पायाने फोम ओलांडणं, दोन्ही पायांनी बाजूला उड्या आणि पाट सरकवत बाजूला जाणं. एका मुलाला 15 ते 20 मिनिटं लागतात. पटसंख्या वीसच्या आत असलेल्या वाडीवरच्या शाळेत दोन जण मिळून दोन दिवसांत काम निवांत उरकतात. चार जण चार कोपऱ्यांत उभे राहिले तर एका दिवसातही होतं.

दांड्यांपासून सुरुवात करू, कारण संचाचा जीव त्यांच्यात आहे. तिन्ही 3 मीटर लांब, जमिनीपासून 5 सेंटिमीटर उंच. रुंदी पहिलीची 6, दुसरीची 4.5, तिसरीची 3 सेंटिमीटर. हाती आलेल्या संचात ही मापं बरोबर आहेत. गुण्या लावून पाहिलं तर कडाही काटकोनात आहेत, आणि वरच्या कडांची धार काचकागदाने फक्त मोडली आहे, गोल केलेली नाही. ही बारीक गोष्ट महत्त्वाची. कडा पाव इंच गोल केली की 3 सेंटिमीटरच्या दांडीवर पाय टेकायला जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर उरतात आणि चाचणीच बदलते. वर पॉलिश नाही, नुसतं तेल आहे. हेही उत्तम. चकचकीत पॉलिशवर घामट तळवे सटकतात, आणि आपल्याकडे तळवे मार्चपासून घामटच असतात.

पावसात लाकूड फुगेल, रुंदी बदलेल, ही भीती बहुतेकांना वाटते. ती अनाठायी आहे. मुरलेलं सागवान किंवा फणस उन्हाळ्यातून पावसाळ्यात गेलं तरी 3 सेंटिमीटरच्या रुंदीत पडणारा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहतो. खरी भीती पीळ पडण्याची. तीन मीटरची बारीक दांडी भिंतीला टेकवून तिरकी उभी ठेवली की चार महिन्यांत तिला बाकही येतो आणि पीळही. पीळ ओळखायला दांडीच्या दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि एका टोकाला डोळा लावून बघायचं. दोन्ही पट्ट्यांच्या कडा समांतर दिसल्या तर दांडी ठीक. जवळची पट्टी एका बाजूला वर दिसली तर पीळ आहे, आणि अशी दांडी जमिनीवर डुगडुगणारच. डुगडुगत्या दांडीवर मूल पडलं तर तो त्याच्या तोलाचा दोष धरता येत नाही.

आता पहिली खोट. दांडीखाली आडवे आधार हवेत दर 50 सेंटिमीटरला, म्हणजे एका दांडीला सात. या संचात ते दर मीटरला आहेत, म्हणजे चार. दिसायला फरक छोटा, पण वाकण्याचा हिशेब अंतराच्या घनाने वाढतो. 3 बाय 3 सेंटिमीटर जाडीच्या सागवानी दांडीवर 30 किलोचं मूल दोन आधारांच्या मधोमध उभं राहिलं, तर 50 सेंटिमीटरच्या अंतरात ती मिलिमीटरभर वाकते. मीटरभराच्या अंतरात आठपट, म्हणजे जवळजवळ 9 मिलिमीटर. दांडी पायाखाली साकवासारखी झुलायला लागते. त्यात चौथीतलं 35 किलोचं मूल जास्त झुलवतं आणि पहिलीतलं 17 किलोचं कमी, म्हणजे मोठ्या मुलांना विनाकारण जास्त कठीण परीक्षा. वयानुसार प्रगती मोजायला घेतलेलं साधन वयानुसारच खोटं बोलू लागतं. उपाय सोपा: प्रत्येक दांडीला मधल्या तीन जागी आणखी आधार ठोकून घ्यावेत. कोणताही सुतार तासाभरात करून देतो.

दुसरी खोट सांध्याची. 3 मीटर म्हणजे जवळजवळ 10 फूट. रिक्षात जात नाही, एसटीच्या टपावर चढवायचे दिवस गेले, म्हणून सुतारशाळा दांडी दोन तुकड्यांत देते: दीड मीटर अधिक दीड मीटर, मध्ये लोखंडी पट्टी आणि चार बोल्ट. कल्पना चांगली, जागा चुकीची. मूल उलटं चालताना प्रत्येक प्रयत्नात जास्तीत जास्त 8 पावलं मोजायची असतात. प्राथमिकच्या मुलाचं उलटं पाऊल साधारण 20 ते 25 सेंटिमीटरचं पडतं. म्हणजे सहाव्या-सातव्या पावलाला पाय नेमका सांध्यावर येतो, आणि तो सांधा दोन आधारांच्या बरोबर मध्यावर! बोल्ट थोडा सैल असला तरी खट्कन आवाज येतो, मूल दचकतं, खाली उतरतं. पट्टी बदलण्यापेक्षा तुकडे बदलून मागावेत: 2.2 मीटर आणि 80 सेंटिमीटर. मोठ्या तुकड्याच्या टोकाकडून सुरुवात केली की आठही पावलं अखंड लाकडावर पडतात. लहान तुकडा फक्त टोकाशी राहतो. टेम्पोच्या हौद्यात 2.2 मीटर आरामात मावतं.

चालवताना होणारी चूक एकच, पण सगळीकडे दिसते. प्रत्येक दांडीवर आधी एकदा पुढे आणि एकदा उलटं चालून सराव द्यायचा, मग उलट्या चालीचे तीन प्रयत्न मोजायचे. पहिला पाय दांडीवर ठेवला तो मोजायचा नाही. दुसरा पाय दांडीच्या सुरुवातीला ठेवलेल्या पाटावरून उचलून दांडीवर आला की तिथून 'एक'. जमिनीला पाय टेकला की प्रयत्न संपला. एका दांडीचे जास्तीत जास्त 24, तिन्हींचे 72 गुण. पहिला पाय मोजणाऱ्या शाळेत प्रत्येक प्रयत्नाला एक गुण फुकट मिळतो, नऊ प्रयत्नांचे नऊ. शेजारच्या दोन शाळांची तुलना अशा नऊ गुणांवर सहज उलटते. शिवाय चारही प्रकारांत पुन्हा घेतल्यावर सर्वात कमी जुळणारा प्रकार हाच. मूळ पुस्तकात पुनर्चाचणीचा सहसंबंध (दोन वेळच्या गुणांचा मेळ; 1 म्हणजे तंतोतंत) दांडीसाठी 0.80 दिला आहे, बाकी तिघांसाठी 0.94 ते 0.96, आणि एकूण गुणांसाठी 0.97. म्हणूनच दांडीवर तीन-तीन प्रयत्न आहेत. वेळ वाचवायला एकेकच घेणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

आपल्या मुलांना बांधावरून आणि गडग्यावरून चालायची सवय असते, त्यामुळे दांडी सोपी जाईल, असं ऐकू येतं. गडग्यावरची चाल पुढे तोंड करून असते, डोळे पायापुढच्या चिऱ्यावर. उलट्या चालीत डोळे कामाला येत नाहीत; तळवा, घोटा आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय यांच्यावरच सगळी मदार. ती वेगळी विद्या आहे. सराव सर्वांना सारखाच द्यावा.

फोमकडे वळू. मापं 50 बाय 20 बाय 5 सेंटिमीटर, नग 12. एकावर एक रचली की 60 सेंटिमीटर व्हायला हवेत. नवा संच उघडताच रचून मोजलं तर भरतात. दोन महिने आर्द्र हवेत आणि पोरांच्या पायांखाली गेल्यावर तेवढे भरत नाहीत, कारण फोम हलक्या घनतेचा आहे, बोटाने दाबला की खड्डा सावकाश भरतो. तळच्या वड्या आधी बसतात. पाच वड्यांचा थर 25 ऐवजी 23.5 भरू लागला की मुलाने ओलांडलेली उंची ही नुसती कागदावरची उंची. वर रेक्झिनचं कव्हर आहे. स्वच्छतेला बरं, पण रेक्झिनवर रेक्झिन घसरतं आणि थर नुसत्या वाऱ्याने कलंडतो. आत ओल धरून काळे ठिपकेही पडतात.

बदलणं स्वस्तात होतं. गादीवाल्याकडून 32 घनतेची, 2 इंच जाडीची, 6 बाय 3 फुटांची एक शीट घ्यायची. लांबीत 50 सेंटिमीटरचे तीन आणि रुंदीत 20 चे चार, अशा बरोबर 12 वड्या निघतात. उरलेल्या पट्टीतून तेरावी सुटी मिळते. 2 इंच म्हणजे 5.08 सेंटिमीटर, त्यामुळे बारा मिळून 61 भरतात. एवढा फरक चालेल. कव्हर सुती, शिवून चेन लावलेलं. पावसाळ्यात वड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नयेत, आतली वाफ आतच कुजते. माळ्यावर मोकळ्या ठेवाव्यात.

हा प्रकार मुलांना कळायला सोपा जातो, कारण लंगडी सगळ्यांनी खेळलेली असते. दीड मीटरवरून एका पायाने लंगडत यायचं, त्याच पायावर थर ओलांडायचा, आणि पलीकडे त्याच पायावर किमान दोन लंगड्या घालायच्या. पहिल्याच प्रयत्नात जमलं तर 3 गुण, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 1. उजवा आणि डावा दोन्ही पाय वेगळे, मिळून जास्तीत जास्त 78. सुरुवातीची उंची वयानुसार: 7-8 वर्षांना तीन वड्या, 9-10 ला पाच, 11 च्या पुढे सात. लहानग्यांना एका वडीपासून किंवा नुसत्या जमिनीवरून. सुरुवातीच्या उंचीला मूल अडलं तर खाली उतरायचं. सर्वात जास्त विसरला जातो तो नियम पलीकडच्या दोन लंगड्यांचा.  उडी मारून मूल धप्पकन दोन्ही पायांवर उतरतं आणि मोजणारा कौतुकाने तीन गुण देऊन टाकतो.

घोट्याची काळजी मात्र घ्यावी. गेल्या काही वर्षांत केटीकेच्या छोट्या आवृत्त्यांमधून हाच प्रकार वगळला जातो. वेळही जास्त खातो आणि घोटा मुरगळण्याचा धोकाही जास्त. जांभ्याच्या चिऱ्यांच्या अंगणात तो कधीच घेऊ नये. वर्गातला कोबा बरा, त्यावर जुनी सतरंजी नको, ती सरकते.

बाजूच्या उड्यांना फार काही सांगण्यासारखं नाही. 100 बाय 60 सेंटिमीटरची जागा, मध्ये 60 बाय 4 बाय 2 सेंटिमीटरची पट्टी, 15 सेकंद, दोन फेऱ्या, दोन्हींची बेरीज. संचातली पट्टी चांगली आहे, फक्त खालून काहीच लावलेलं नाही, त्यामुळे शहाबादी फरशीवर ती चौथ्या उडीला पळते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे खालून चिकटवले की बसते. मोजणाऱ्याने डोळे मुलाच्या पायांवर ठेवावेत, घड्याळ दुसऱ्याकडे द्यावं. एक पाय आधी आणि एक नंतर पडलेली उडी मोजायची नाही. पट्टीला पाय लागलेली उडीही नाही. 15 सेकंदांत मूल दमत नाही, गोंधळतं. गोंधळ कमी करायचा तर आधी पाच उड्यांचा सराव पुरतो.

पाट मात्र संचातली सर्वात देखणी वस्तू आहेत. 25 बाय 25 सेंटिमीटर, चार पायांवर, कोपरे घासलेले, उचलायला हलके. मूल एका पाटावर उभं राहतं, दुसरा दोन्ही हातांनी उचलून आपल्या दुसऱ्या बाजूला ठेवतं, त्यावर जातं, मग मागचा उचलतं. 20 सेकंद, दोन फेऱ्या. पाट ठेवला की एक गुण, त्यावर दोन्ही पाय आले की दुसरा. मोजणारा मुलाबरोबर सरकत गेला पाहिजे, म्हणून बाजूला 3 ते 4 मीटर मोकळी जागा लागते. वर्गातले बाक एका भिंतीला लावावे लागतात. एका हाताने पाट ओढणारं मूल वेगाने जातं, पण तो गुण धरत नाहीत. आणि पाट फार लांब ठेवणारं मूल पुढच्या पावलाला अडकतं. किती लांब ठेवायचा हे ज्याला तिसऱ्या-चौथ्या पाटाला उमगतं, त्याचा मेळ चांगला. या चाचणीतलं पाहण्यासारखं काही असेल तर ते हेच.

तर लाकडाचं इतकंच. आता पुस्तिका, आणि इथे हात आखडता घेण्याचं कारण नाही.

पुस्तिका वीस पानांची, मराठीत, छपाई सुबक. पण तिने तीन गोष्टींत घोळ घातला आहे, आणि तिन्ही वय आणि मुलगा-मुलगी याच मुद्द्यांवर.

पहिला घोळ: गुणांचा अर्थ लावायचे छापील तक्ते इयत्तेनुसार आहेत, वयानुसार नाहीत. जूनमध्ये पहिलीच्या एकाच वर्गात साडेपाच वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं मूल शेजारी बसलेलं असू शकतं. या वयात बारा महिन्यांचा फरक म्हणजे खूप मोठा फरक. दांडी, उड्या, पाट, सगळ्यांत कच्चे गुण, म्हणजे तक्त्यात बघण्याआधीचे मोजलेले गुण, वर्षागणिक चढत जातात. इयत्तेच्या तक्त्यात लहान मूल कायम 'कच्चं' आणि मोठं मूल कायम 'हुशार' दिसतं. वय चाचणीच्या दिवशी वर्षं आणि महिन्यांत काढावं. जन्मतारीख जनरल रजिस्टरमधून घ्यावी आणि जन्मदाखल्याशी ताडून बघावी. आजोबांच्या पिढीत अर्ध्या गावाचा जन्म 1 जूनचा असायचा. आता तसं राहिलेलं नाही, पण लिहिताना दिवस-महिन्याची अदलाबदल अजूनही होते, आणि एका अदलाबदलीत सहा-सात महिने इकडचे तिकडे होतात.

दुसरा घोळ मोठा. पुस्तिका म्हणते, मुलींसाठी फोमची सुरुवातीची उंची एका वडीने कमी ठेवावी. हे चुकीचं आहे. चाचणी घेण्याची रीत मुलगा-मुलगी दोघांना एकच: तीच दांडी, तीच उंची, तेवढेच सेकंद. फरक येतो तो नंतर, कच्चे गुण तक्त्यात बघताना. मूळ जर्मन तक्त्यांत एका पायाची उडी आणि बाजूच्या उड्या यांना मुलामुलींचे स्वतंत्र तक्ते आहेत. दांडी आणि पाट यांना दोघांसाठी एकच. पुस्तिकेने नेमकं उलटं केलंय. घेताना भेद केला, आणि निकालाला चारही प्रकारांत एकच तक्ता लावला. उंची आधीच कमी करून मग एकत्र तक्ता लावला की मुलीच्या गुणांना काही अर्थच उरत नाही.

मुलामुलींमधल्या फरकाबद्दल पुस्तिकेत एक परिच्छेद आहे, त्यातही 'मुले ताकदवान, मुली चपळ' छापाची वाक्यं. वस्तुस्थिती इतकी गोळीबंद नाही. वयात येण्याआधी मुलामुलींच्या उंचीत, वजनात, स्नायूंत फरक थोडा असतो, त्यामुळे उडी आणि चाल यांतही तो थोडाच दिसतो. तोलात अनेक अभ्यासांत मुली किंचित पुढे आढळतात. मोठी आणि ठळक दरी असते ती चेंडू फेकण्यात. तिथे मुलगे लहानपणापासून पुढे असतात. त्यातला बराच भाग सवयीचा आहे, हे कोणत्याही वाडीतल्या संध्याकाळी दिसतं: मुलगे कापणी झालेल्या मळ्यात क्रिकेट खेळतात, मुली अंगणात दोरीउड्या आणि लंगडी. ज्याचा सराव, त्याचं कसब. चौथी-पाचवीत आणखी एक गोष्ट घडते. मुलींची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने सुरू होते. दहा-अकरा वर्षांची मुलगी वर्गातल्या मुलांपेक्षा उंच दिसते आणि सहा महिन्यांत वाढलेल्या पायांची सवय व्हायच्या आत दांडीवर डगमगू शकते. म्हणून नोंदीच्या तक्त्यावर उंची आणि वजनाचे रकाने हवेत. या संचातल्या तक्त्यावर ते नाहीत. वजन जास्त असलेल्या मुलांचे केटीकेतले गुण सरासरीने कमी येतात. उडीत स्वतःचंच वजन उचलायचं असतं. रकाना नसेल तर हा धागा हातीच लागत नाही.

तिसरा घोळ शिक्क्यांचा. मूळ पद्धतीत चारही प्रकारांचे गुण मिळून कारक गुणांक निघतो; सरासरी 100, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) 15. 86 ते 115 सर्वसाधारण, 71 ते 85 कमी, 70 आणि खाली स्पष्ट अडचण, 116 च्या पुढे चांगलं. पुस्तिकेने 85 च्या खाली सरळ 'अनुत्तीर्ण' छापलंय. एक तर ही पास-नापासाची परीक्षा नाही. दुसरं म्हणजे ते तक्ते 1974 च्या 1228 जर्मन मुलांवरून बनलेले आहेत. 2007 मध्ये नवी आवृत्ती निघाली, तरी आकडे तेच राहिले. आजच्या युरोपातली मुलंसुद्धा त्या जुन्या मुलांच्या तुलनेत कमी भरतात. मग राजापूर तालुक्यातल्या 2-4 शिक्षकी शाळेतल्या मुलावर त्या आकड्याने शिक्का मारणं कसं जमायचं? आपल्या कामाला कच्चे गुण पुरतात. एकाच मुलाचे जुलै आणि मार्चचे गुण शेजारी मांडावेत, किंवा केंद्रातल्या (शेजारच्या शाळांच्या गटातल्या) सगळ्या शाळांची मुलं वयाच्या सहा-सहा महिन्यांच्या गटांत आणि मुलगा-मुलगी वेगळं लिहून बघावीत. गटात फारच मागे राहिलेलं मूल लक्षात येतं, तेवढ्यासाठी जर्मन तक्ता लागत नाही.

असं मूल सापडलं, आणि त्याला बटणं लावणं, लिहिणं, जिना उतरणं अशा रोजच्या गोष्टीही जड जात असतील, तर पुढचं पाऊल डॉक्टरांचं. कारक समन्वयाचा विकार शालेय वयात साधारण 5 ते 6 टक्के मुलांत आढळतो, मुलग्यांत जास्त. निदान एका दांडीवरून होत नाही. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा कच्च्या गुणांचा कागद त्यांच्या हाती द्यावा. पुढची वाट जिल्हा रुग्णालयाकडे जाते.

संचात काय नाही? चेंडू नाही. मूळ केटीकेतही नव्हता, म्हणून सुतारशाळेला दोष देता येणार नाही. पण हाताचं आणि डोळ्याचं काम अजिबात न मोजता 'समन्वय' मोजला म्हणणं अर्धवट राहतं. अलीकडच्या आवृत्तीत एका पायाची उडी काढून चेंडूचा प्रकार घातलाय: टेनिस बॉल एका हाताने भिंतीवर मारायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा, 30 सेकंदांत किती झेल. शाळेची एक सपाट भिंत आणि खडूची रेघ, एवढंच लागतं. भिंत मात्र खरोखर सपाट हवी. उघड्या जांभ्याच्या भिंतीवर चेंडू कुठेही उडतो आणि मग क्रिकेट खेळणारेही तोंडघशी पडतात.

पर्यायांची तुलना थोडक्यात. खेलो इंडियाच्या शालेय तपासणीत 5 ते 8 वर्षांसाठी उंची-वजन, एका पायावर तोल आणि हाताने थाळ्या थोपटणं एवढंच आहे. सोपं, पण तोल आणि हाताचा वेग यांपलीकडे जात नाही. मुलांच्या हालचाली तपासणाऱ्या एमएबीसी-2 या ब्रिटिश चाचणीत बोटांचं कामही मोजतात आणि लाल, पिवळा, हिरवा असा निकाल मिळतो. उपचार करणाऱ्यांसाठी ती उत्तम, पण पेटी आयात करावी लागते आणि सुटे भाग हरवले की सुतार बनवून देऊ शकत नाही. केटीकेचं बलस्थान तेच आहे: सगळं लाकूड आणि फोम.

आणि लाकूड तरी किती? तीन दांड्या, आधार, पाट आणि पट्टी मिळून घनफुटाच्या आतच लाकूड जातं, कापण्यातली नासाडी धरली तरी एखादा घनफूट. त्यामुळे सागवान म्हटल्यावर घाबरून आंब्याकडे वळू नये. आंब्याला भुंगा लागतो आणि तो पीळही लवकर धरतो. फणस चालेल. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत आणि उच्च प्राथमिकला 10,000 रुपयांपर्यंत मिळतात. चेंडू-दोऱ्या घेऊन झाल्यावर एका वाडीवरच्या शाळेने एकटीने संच घेण्यापेक्षा केंद्रातल्या चार-पाच शाळांनी मिळून एक घ्यावा. वर्षातून दोनदाच लागतो.

मागवायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना. दांड्या आल्या की पंधरा दिवस शाळेच्या खोलीत आडव्या, जमिनीपासून वीतभर वर, तीन ठिकाणी टेकून ठेवाव्यात आणि मगच पीळ तपासून बाकीचे पैसे द्यावेत. मागणीच्या कागदावर एवढं लिहावं: आधार दर 50 सेंटिमीटरला, तुकडे 2.2 मीटर आणि 80 सेंटिमीटरचे, पट्टीला आणि पाटांच्या पायांना रबर, फोम नको, पुस्तिका नको. पुस्तिकेचे जे पैसे वाचतील, त्यात टेनिसचे चेंडू घ्यावेत.